क्रूसामागचा दोर

ताल्ताल म्हणजे उतरवणं. गुड फ्रायडेला आमच्या गावात येशूच्या मरणाचं नाटक होतं, त्यालाही सगळे ताल्तालच म्हणतात, कारण लोक येतात ते त्याला क्रूसावरून उतरवताना पाहायला. आधीचं सगळं, म्हणजे बाग, अटक, चाबूक, पिलाताचं हात धुणं, हे लोक आंबे खात, पोरांना दटावत, शेजाऱ्याशी बोलत पाहतात. उतरवायची वेळ झाली की मात्र चर्चसमोरच्या मैदानात कुणी खोकतसुद्धा नाही.

त्या वेळी क्रूसामागे दोन माणसं उभी असतात. एक दोर धरणारा आणि दुसरा मी.

मी प्रॉम्प्टर आहे. पन्नास वर्षं पडद्यामागे वही घेऊन उभा राहतो आणि विसरलेली वाक्यं कुजबुजतो. पण उतरवण्याच्या प्रवेशात वाक्यंच नाहीत, तिथे माझं काम वेगळं. येशूच्या काखेखालून अंगाच्या रंगाचा पट्टा जातो. पट्ट्याला मागून अबाकाचा, म्हणजे रानकेळीच्या वाखाचा, दोर बांधलेला असतो. तो क्रूसाच्या माथ्यावरच्या कप्पीतून मागे येतो, रोवलेल्या खुंटाला दोन वेढे घेतो आणि मग धरणाऱ्याच्या हातात. पुढे शिडीवरचे दोघे येशूचे हात मोकळे करतात, पांढऱ्या कापडात त्याला धरल्यासारखं करतात, पण सगळं वजन दोरावर असतं. धरणाऱ्याच्या आणि येशूच्या मध्ये जेरुसलेमचा रंगवलेला पडदा. त्याला काही दिसत नाही. मी पडद्याच्या फटीतून बघतो आणि त्याच्या खांद्यावर हातानं सांगतो. एक थाप म्हणजे सोड, दोन म्हणजे थांब.

एकतीस वर्षं तो खांदा निकानोरचा होता. जानेवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला.

पाद्रे माणूस भला, पण शेजारच्या बेटावर गेल्या वर्षी एक येशू पडून गळ्याचं हाड मोडून बसला होता, ते त्याच्या मनातून जात नव्हतं. "दोराला भरवशाचा माणूस मिळाला तर ठीक," तो मला म्हणाला, "नाही तर क्रूसावर कुणी चढणार नाही. चर्चमधला लाकडी पुतळा लावू. झावळ्यांच्या रविवारपर्यंत मला नाव सांगा, मानोंग फाब्यान." मानोंग म्हणजे दादा, वडीलधाऱ्याला म्हणायचा शब्द.

पुतळ्याचं ताल्ताल. त्याला उतरवताना कोण खोकणं थांबवणार?

पडद्यामागची माणसं जमवायचं काम माझ्याकडे असतं. का, तर मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला होतो आणि याद्या करू शकतो. माणसांशी बोलता येतं म्हणून नव्हे. नाटकात काम करणारा प्रत्येकजण नवस फेडायला येतो. कुणाची आई आजारातून उठली, कुणाची बोट वादळातून परत आली. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी, ते चर्चमध्ये एकेक करून आपला नवस बोलतात आणि मी वहीत लिहितो. बांबू बांधायचा, पडदा ओढायचा, रक्ताचा रंग कालवायचा नवस मात्र कुणी बोलत नाही. म्हणून मी एक युक्ती काढली होती. पोरांना सांगायचो, दोन वर्षं मागे काम करा, तिसऱ्या वर्षी तुम्हाला पुढे घेऊ. पोरं यायची. दोन वर्षं कशीबशी काढायची, आणि तिसऱ्या वर्षी रोमन शिपाई व्हायची. यंदा तिघं एकदम शिपाई झाले आणि मागे शुकशुकाट.

त्यातल्या एकाकडे, रेनांतेकडे, मी गेलो. तो अंगणात पत्र्याचं शिरस्त्राण घासत होता.

"मानोंग, तुम्हीच म्हणाला होता दोन वर्षं," तो म्हणाला. "माझी झाली. आता परत मागे गेलो तर लोक म्हणतील, याला साधं भाला धरून उभं राहतासुद्धा आलं नाही."

"तसं कुणी म्हणणार नाही."

"माझा मामाच म्हणेल. तो रोज म्हणतो."

सुतारआळीतल्या दुसऱ्या पोरानं विचारलं, "मागे काम केलं तर फोटोत दिसतो का?"

"नाही."

"मग दुबईत आईला काय पाठवू? पडद्याचा फोटो?"

 मी उन्हाचं काहीतरी बोलून निघालो. अशा अकरा घरांतून मी उन्हाचं काहीतरी बोलून निघालो.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी पुलो माझ्या दारात आला. पुरं नाव क्रिस्पुलो. पंचेचाळिशीचा, रोडका, मनगटं दोरासारखी. आंब्याच्या बागांत तो आंबे उतरवतो. झाडाच्या शेंड्यावर बसून टोपल्या दोरानं खाली सोडतो, आणि त्याच्या टोपलीतल्या आंब्याला डाग पडत नाही, असं बागवाले सांगतात. नाटकात तो हुदास होतो. येशूला दगा देणारा. आधी त्याचा बाप व्हायचा, आता तो होतो.

त्यानं चार आंबे पायरीवर ठेवले आणि आत आला नाही.

"मानोंग, ऐकलं की दोराला माणूस नाही."

"हो ना."

"मी धरू का? माझा हुदास तर दुपारी एक वाजताच फास घेऊन मरतो. नंतर मी नुसताच पाण्याच्या पंपापाशी बसलेला असतो. आणि दोर मला कळतो."

त्याला दोर कळतो हे मला माहीत होतं. झावळ्यांच्या रविवारी बाकीचे आत चर्चमध्ये नवस बोलतात, पण हुदासला आत घेत नाहीत. तो आपला नवस उंबऱ्याबाहेरून बोलतो, आणि मग बाकीच्यांचं आवरेपर्यंत मैदानात निकानोरला बांबू धरायला मदत करतो. वीस वर्षं करतो आहे. खुंटाचे वेढे त्याला पाठ आहेत. पण त्या रविवारपासून ईस्टरच्या सकाळपर्यंत हुदासला कुणी शिवत नाही. कुणी त्याच्याशी भांडत नाही, हसतखेळत बोलतात, पण त्याचा माडीचा पेला वेगळा, आणि हातात हात कुणी देत नाही. त्याच्या बापाच्या वेळेपासून असंच आहे. मीही लहानपणापासून हेच पाहिलं आहे.

"बघू," मी म्हणालो.

पुलो पायरी उतरला. "बघा," तो म्हणाला. "आंबे दोन दिवस ठेवा. अजून तयार व्हायचेत."

दुसऱ्या दिवशी मी निकानोरकडे गेलो. तो बांबूच्या बाकावर बसला होता, उजवा हात मांडीवर झोपलेल्या मांजरासारखा. मी त्याला अकरा घरांची हकिकत सांगितली. तो हसला. आता त्याचं हसू एकाच बाजूनं येतं.

"लेका, तुला कळतंय का तू काय करून ठेवलंस? मागच्या जागेचा तू धक्का केलास, बोटीचा धक्का. तिथे लोक बोटीची वाट बघत उभे राहतात. बोट आली की चढणारच की. धक्क्यावर घर कोण बांधतं?"

"मग काय सांगायला हवं होतं?"

"काम आहे, ये, एवढंच सांग. पण तुझ्या तोंडून ते यायचं नाही. कारण तुलाही वाटतं की तू धक्क्यावरच उभा आहेस. पन्नास वर्षं. बोट चुकली म्हणून."

त्याला माहीत होतं, म्हणून तो बोलू शकला. विसाव्या वर्षी, माझी आई विषमज्वरातून उठली तेव्हा, मी नवस केला होता की मी नाटकात योहान, येशूचा शिष्य, होईन. पहिल्या तालमीला मी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कुणीतरी दया येऊन हातात वही दिली आणि पडद्यामागे उभं केलं. माझा नवस फिटला की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायचं तर कुणाला, हेही कळत नाही.

"पुलो आला होता," मी विषय बदलला.

"मग?"

"बघू म्हणालो."

"बघू?" निकानोरनं डाव्या हातानं बाकावर थाप मारली. "अरे, माझ्यापेक्षा चांगला आहे तो! मी दोर सोडायचो दातओठ खाऊन. तो सोडतो ते कळतसुद्धा नाही. कुणाला घाबरतोस? पुरिंगला?"

मानांग पुरिंग, सगळ्यांची पुरिंगताई, म्हणजे आमच्या नाटकात येशू होणाऱ्या देल्फिनची आई. तिचा नवराही येशू व्हायचा. क्रूसावर तिच्या घरचं माणूस असतं, तेव्हा दोराविषयी शब्द तिचा.

"पुरिंगलाच," मी म्हणालो. ते पुरतं खरं नव्हतं, पण तेव्हा मला खरं वाटलं.

मानांग पुरिंग मासे खारवत होती. मी पुलोचं नाव काढलं तशी ती हात न धुताच उभी राहिली.

"हुदासच्या हातात माझा पोरगा? मानोंग, तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत, त्यात हेच शिकवलं का? तीस नाण्यांना विकणारा तो, आणि दोर पण त्याच्याच हातात?"

"तो पुलो आहे, मानांग. तुमच्याच बागेतले आंबे उतरवतो."

"इतर वेळी पुलो. त्या आठवड्यात नाही. माझे सासरे सांगायचे, हुदासची सावलीसुद्धा क्रूसावर पडू द्यायची नाही. पुतळा लावा खुशाल. पुतळा पडला तर खिळे मारू."

"बरं," मी म्हणालो, आणि निघालो.

वाटेत, पंपाच्या वळणावर, मला जाणवलं की मला बरं वाटतं आहे. छातीवरचं काहीतरी उतरलं आहे. ती नाही म्हणाली म्हणून. मी तिथेच थांबलो. का बरं वाटावं मला? ताल्ताल बुडणार होतं. मग लक्षात आलं. दोर पुलोनं धरला असता तर त्याच्या खांद्यावर हात कुणाचा पडला असता? माझा. गुड फ्रायडेला, दिवसाढवळ्या. वीस वर्षांत त्या आठवड्यात मी त्याला एकदाही शिवलो नव्हतो. पुरिंगनं तोंडावर सांगितलं. मी नुसतं "बघू" म्हणालो होतो.

असं स्वतःविषयी कळलं की माणसानं काय करावं, हे पुस्तकांत लिहिलेलं असतं, पण सापडत नाही. मी मागे वळलो. मानांग पुरिंग अजून माशांपाशीच होती.

"मानांग," मी म्हणालो, "शनिवारी मैदानात पोत्यावर दोर तपासणार आहेत. तुम्ही येऊन बघा. नंतर नाही म्हणा. मी पाद्रेला तसं सांगेन." एवढं लांब मी एका दमात क्वचितच बोलतो. आवाज कापला, पण आला.

शनिवारी क्रूस उभा राहिला होता. निकानोरला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. देल्फिनच्या वजनाचं वाळूचं पोतं वर बांधलं होतं. पुलो खुंटापाशी, मी फटीपाशी. अजून तो पवित्र आठवडा सुरू व्हायचा होता, तेव्हा खांद्याला हात लावायला हरकत नव्हती. मी थापा दिल्या. पोतं उतरलं. खाली टेकलं तेव्हा आवाजही झाला नाही. तीनदा केलं, तीनदा तसंच.

"बघ!" निकानोर ओरडला. "बघ पुरिंग! साय उतरवतोय साय!"

मानांग पुरिंग छत्री मिटून पुढे आली. "पोतं उतरलं," ती म्हणाली. "पोत्याला आई नसते."

 पुलो दोराकडे बघत होता.

"मला बांधा," ती म्हणाली.

"काय?"

"बहिरे झालात का सगळे? मला बांधा आणि वर घ्या. माझं वजन पोरापेक्षा जास्तच आहे, कमी नाही."

देल्फिन धावत आला. "आई, लोक बघतायत!"

"तुला बघायला दरवर्षी येतात, मला एकदा बघू देत की. हो बाजूला."

तिनं झग्यावरूनच पट्टा घातला. चौघांनी ओढून तिला पाय ठेवायच्या फळीवर उभं केलं. साठीची बाई, पायात रबरी चपला, एक हात क्रूसाच्या आडव्या लाकडावर. मैदानात आंबे विकणाऱ्या बायका हसत होत्या. मग हसायच्या थांबल्या. मी फटीतून बघितलं. तिनं डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. तिनं हात सोडला आणि पाय फळीवरून काढले.

मी पुलोच्या खांद्यावर थाप दिली.

ती उतरली. मध्ये एकदा मी दोन थापा दिल्या, झगा अडकला होता, तेव्हा ती हवेत तशीच थांबली, हललीसुद्धा नाही. मग पुन्हा एक. तिचे पाय जमिनीला लागले तेव्हा तिला ते कळलं नसावं, कारण तिनं डोळे उघडले ते बऱ्याच वेळानं.

ती पडद्यामागे आली. पुलोनं दोर अजून हातातच धरला होता.

"उद्यापासून तू हुदास," ती म्हणाली.

"हो मानांग."

"म्हणजे देल्फिनच्या अंगाला तुझा हात लागता कामा नये. पट्टा मी बांधणार. आणि तू दोर सोडत असताना मी इथे उभी राहणार. तुझ्यावर लक्ष ठेवायला."

"राहा ना," पुलो म्हणाला. "खुंटाला वेढा देताना कुणाला तरी दोराचं शेपूट धरावं लागतंच."

"शेपूट मी धरू?"

"धरता का?"

तिनं दोराचं टोक हातात घेऊन पाहिलं. "कुसं टोचतायत याची," ती पुटपुटली. "खोबरेल लावायला हवं." निकानोर खुर्चीत एका बाजूनं हसत होता.

झावळ्यांच्या रविवारी आतले नवस लिहून झाल्यावर मी वही घेऊन उंबऱ्याबाहेर आलो. असं मी आधी कधी केलं नव्हतं. हुदासचा नवस मी दरवर्षी आत बसून, अर्धवट ऐकू आला तेवढा लिहायचो. ऐकू आला नाही तर नुसतं "हुदास" लिहायचो.

"परत सांग," मी पुलोला म्हणालो.

"माझा म्हणजे बापाचाच, मानोंग. मी तान्हा असताना मला आकडी आली. त्यानं कबूल केलं की जे काम कुणी घेत नाही ते मी घेईन. तेच चालवतोय."

मी लिहिलं. "आणि दोराचा?"

"दोराचा काय नवस? दोर मला येतो, म्हणून धरतो."

मी तेही तसंच लिहिलं. जवळच सुतारआळीतला तो दुबईवाल्या आईचा पोरगा बांबू बांधत होता. शनिवारी मानांग पुरिंगला लटकलेलं पाहून तो आपणहून आला होता. त्यानं मान वर केली.

"आमचंही लिहिताय? मागे किती वर्षं काढायची, मानोंग?"

माझ्या तोंडावर दोन आलं होतं. ते मी गिळलं. "ते मी नाही सांगणार. मागे काम आहे. दिसणार नाहीस. तुला किती वर्षं करायचंय?"

त्यानं गाठ आवळली, विचार केला. "यंदा," तो म्हणाला.

मी लिहिलं, यंदा.

गुड फ्रायडेला ऊन कडक होतं. एकच्या सुमारास हुदासनं फास घेतला. लोकांनी नेहमीप्रमाणे त्याच्यावर आंब्याच्या कोयी फेकल्या. तीन वाजायला आले तेव्हा तो पंपावर तोंड धुऊन, साधा सदरा घालून मागे आला. कानामागे आंब्याचा पिवळा गर राहिला होता. मला दिसला, पण मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तो पुसून द्यायला कुणी त्याला हात लावणार नव्हतंच. मानांग पुरिंगनं देल्फिनचा पट्टा तीनदा तपासला होता आणि आता ती दोराचं टोक मुठीत घेऊन खुंटामागे बसली होती.

मैदान गप्प झालं. मी फटीला डोळा लावला. शिडीवरच्यांनी उजवा हात मोकळा केला. मग डावा. देल्फिनची मान खाली गेली आणि त्याचं सगळं अंग दोरावर आलं. खुंट करकरला. आता थाप.

माझा हात वर गेला आणि खांद्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

मी मुद्दाम नाही थांबवला. सत्तर वर्षांची सवय होती ती. पुढे कापड ताणलं गेलं होतं, देल्फिन लोंबकळत होता, हजार माणसं बघत होती, आणि माझा हात तिथेच. पुलोला काहीच दिसत नव्हतं. तो मान न वळवता वाट बघत होता.

"मानोंग?" तो अगदी हळू म्हणाला. मी ज्या आवाजात लोकांना वाक्यं सांगतो, त्याच आवाजात.

मी हात टेकवला. सदरा पाण्यानं ओला होता, त्याखाली ताणलेला खांदा गरम. एक थाप दिली. दोर सरकला. पुन्हा एक. कापड, माथा, खांदे, गुडघे. कुठे दोन द्याव्या लागल्या नाहीत. देल्फिन खाली मरियमच्या मांडीवर पोहोचला तेव्हा पडद्यापलीकडून मैदानाचा सुस्कारा आला. मग रडणं. मग बायकांनी गाणं सुरू केलं.

मानांग पुरिंगनं टोक सोडलं आणि बोटं चोळत उठली. तिनं पडद्याच्या फटीतून एकदा मुलाकडे पाहिलं. मग आमच्याकडे.

"हात काढा आता, मानोंग," ती म्हणाली. "झालं उतरवून."